ज्योतीवरचा फ्रिज बॅटरीवर आणताना

अमेरिकेत आणि कॅनडात ‘आरव्ही’ या आद्याक्षरांनी ओळखले जाणारे वाहन म्हणजे चाकांवरचे छोटे घर असते. त्यात झोपण्याची जागा, शेगडी, न्हाणीघर आणि पाण्याची टाकी असते, आणि वीजजोडणी नसलेल्या रानावनातही दिवसेंदिवस मुक्काम करता यावा अशी त्याची एकंदर रचना असते. या घरातील बहुतेक सोयी आपल्या परिचयाच्या असल्या, तरी त्यातील फ्रिज मात्र अनेक दशके घरगुती फ्रिजहून अगदी निराळ्या तत्त्वावर चालत आला आहे, कारण त्याच्या पाठीमागे कंप्रेसर नसून गॅसची एक लहानशी निळी ज्योत जळत असते आणि त्या ज्योतीच्या उष्णतेवर पुढच्या कप्प्यात बर्फ तयार होतो. आता लिथियम बॅटऱ्या आणि सौर पॅनेल आवाक्यात आल्यामुळे हा ज्योतीवरचा फ्रिज बॅटरीवर आणण्याकडे अनेक आरव्हीधारकांचा कल दिसतो. हा बदल वरवर पाहता एक यंत्र काढून दुसरे बसवण्याइतका सोपा वाटतो, पण तो नीट समजण्यासाठी आधी आग थंडावा कसा देते हे पाहावे लागते.

कोणताही द्रव वाफ होताना भोवतालची उष्णता शोषून घेतो. माठातले पाणी गार होते आणि हातावर पडलेले स्पिरिट थंड लागते, ते याच कारणाने. फ्रिजमध्ये हे काम करणाऱ्या द्रवाला प्रशीतक म्हणतात, आणि फ्रिजचे सारे कसब एकदा वाफ झालेले प्रशीतक पुन्हा द्रव करून परत कामाला लावण्यात असते. घरगुती फ्रिजमध्ये कंप्रेसर ही वाफ दाबून तापवतो आणि ती मागच्या जाळीत, म्हणजे संघनकात, निवून द्रव होते. याउलट, वाफ दाबण्याऐवजी ती दुसऱ्या एखाद्या द्रवात शोषवून घ्यायची आणि मग तो द्रव तापवून तिला पुन्हा बाहेर काढायची, या पद्धतीला शोषण-प्रशीतन म्हणतात. अमोनिया आणि पाणी या जोडीवर चालणारे असे यंत्र फ्रान्समध्ये फेर्दिनां कारे याने 1859 च्या सुमारास सिद्ध केले होते, मात्र घरात ठेवता येईल असे त्याचे निःशब्द रूप 1922 मध्ये स्टॉकहोमच्या तंत्रविद्यापीठातील बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी घडवले. इलेक्ट्रोलक्स कंपनीने 1925 मध्ये ते बाजारात आणले आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत इंडियाना राज्यातील इव्हान्सव्हिल येथे सर्व्हेल कंपनीने त्याचे उत्पादन सुरू केले. त्याच काळात बर्लिनमध्ये आल्बर्ट आइन्स्टाइन आणि लिओ झिलार्ड हेही हलता भाग नसलेल्या फ्रिजच्या मागे होते. फ्रिजमधून गळलेल्या विषारी वायूने एक कुटुंब दगावल्याची बातमी त्यांच्या वाचनात आली होती, असे सांगितले जाते. त्यांच्या फ्रिजला 1930 मध्ये अमेरिकन पेटंट मिळाले, पण तो बाजारात कधीच आला नाही.

प्लाटेन आणि मुंटर्स यांची युक्ती तिसऱ्या पदार्थात होती, आणि तो पदार्थ म्हणजे हायड्रोजन. नळ्यांच्या बंद जाळ्यात अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन अशी तिन्ही द्रव्ये मोठ्या दाबाखाली कायमची कोंडलेली असतात. तळाशी असलेल्या उकळपात्रात ज्योतीने अमोनिया मिसळलेले पाणी तापले की अमोनियाची वाफ बुडबुड्यांच्या रूपाने एका बारीक नळीतून वर चढते आणि जाताना थोडे द्रावणही उचलून नेते, म्हणजे पंपाचे काम बुडबुडेच करतात. पुढे वाफेतले पाणी गळून जाते, शुद्ध अमोनिया वरच्या पातळ पत्र्यांमध्ये निवून द्रव होतो आणि उताराने फ्रिजच्या आतील बाजूच्या नळ्यांत, म्हणजे बाष्पकात, येतो. तिथे हायड्रोजन आधीच भरलेला असतो. वायूंच्या मिश्रणात प्रत्येक वायू आपल्या वाट्याचाच दाब देतो हा डाल्टनचा नियम इथे उपयोगी पडतो, कारण एकूण दाब सगळीकडे सारखा असला तरी हायड्रोजनच्या गर्दीत अमोनियाच्या वाट्याला फार थोडा दाब येतो, त्यामुळे तो शून्याखालच्या तापमानालाही वाफ होऊ लागतो आणि कप्प्यातली उष्णता ओढून घेतो. वाफ आणि हायड्रोजन यांचे जड मिश्रण खाली उतरते, तिथल्या शोषकात पाणी अमोनिया पिऊन टाकते, हलका झालेला हायड्रोजन पुन्हा वर जातो आणि चक्र चालू राहते. या साऱ्यात एकही हलता भाग नाही, झडप नाही की आवाज नाही. म्हणूनच हॉटेलच्या खोल्यांतील लहान फ्रिज अनेकदा याच जातीचे असतात.

ज्या गुणामुळे हे यंत्र सुंदर ठरते, त्याच गुणामुळे ते चाकांवर अडचणीत येते. त्यातले सारे प्रवाह गुरुत्वाकर्षणाच्या भरवशावर असल्याने फ्रिज जवळजवळ समतल असावा लागतो आणि मुक्कामी उभे असताना आडव्या दिशेने सुमारे 3 अंशांपलीकडचा आणि पुढेमागे सुमारे 6 अंशांपलीकडचा कल त्याला सहसा मानवत नाही. वाहन चालू असताना हलण्याने द्रव पुढे सरकत राहतो, परंतु उतारावर तासन्‌तास उभे राहिल्यास द्रावण कुठल्यातरी वळणात साचते, उकळपात्रात पुरेसे द्रव पोहोचत नाही आणि ते कोरडे तापू लागते. नळ्या आतून गंजू नयेत म्हणून द्रावणात मिसळलेला सोडियम क्रोमेट हा पिवळा क्षार अशा वेळी स्फटिकरूप होऊन नळी तुंबवतो, आणि ही इजा कायमची असते. फ्रिजच्या मागे पिवळी भुकटी दिसणे किंवा अमोनियाचा उग्र दर्प येणे हे जाळे फुटल्याचे लक्षण असते. अमोनिया आणि हायड्रोजन दोन्ही दाबाखाली आणि ज्योत शेजारीच, अशी मांडणी असल्यामुळे आगीचा धोका नाकारता येत नाही, आणि अमेरिकेत याच कारणावरून कंपन्यांना असे फ्रिज दुरुस्तीसाठी मोठ्या संख्येने परत मागवावे लागले आहेत. त्यात कडक उन्हाळ्यात शोषकाला आणि मागच्या पत्र्यांना निवायला गार हवा मिळत नसल्याने फ्रिज नेमका गरजेच्या वेळी सुस्तावतो. दुरुस्तीची वेळ आली की अनेक मालकांना बॅटरीचा विचार सुचतो, तो या पार्श्वभूमीवर.

इथे एक सोपा वाटणारा मार्ग आधी बाजूला सारावा लागतो. बहुतेक शोषण-फ्रिजमध्ये ज्योतीला पर्याय म्हणून विजेचे तापकही बसवलेले असते आणि छावणीच्या जागी वीजजोडणी मिळाली की फ्रिज त्यावर चालतो, तेव्हा तेच तापक इन्व्हर्टरमार्फत बॅटरीवर का चालवू नये, असा प्रश्न साहजिकच पडतो. उत्तर गणितात आहे. आठ घनफुटांच्या, म्हणजे सुमारे 225 लिटरच्या फ्रिजचे तापक साधारण 300 वॉट वीज घेते. 12 व्होल्टच्या बॅटरीतून हे 25 अँपिअर होतात आणि इन्व्हर्टरमधील गळती धरली तर 28 च्या आसपास. तापक दिवसाच्या दोन-तृतीयांश वेळ चालू राहिले, तरी एका दिवसाचा खर्च साडेचारशे अँपिअर-तासांच्या घरात जातो. अँपिअर-तास म्हणजे एक अँपिअर प्रवाह तासभर वाहिला असता खर्ची पडणारा विद्युतभार, आणि बॅटरीची क्षमता याच मापाने सांगतात. हा उधळेपणा यंत्राच्या स्वभावातच आहे, कारण शोषणचक्र एक वॉट उष्णता घेऊन जेमतेम पाव वॉट थंडावा देते. गॅसच्या बाबतीत हे खपून जाते. अमेरिकेत प्रचलित असलेल्या 9 किलो प्रोपेनच्या टाकीत सुमारे 115 किलोवॉट-तास उष्णता साठलेली असते, तर 100 अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटरीत 1.28 किलोवॉट-तास वीज मावते, म्हणजे एक गॅसटाकी अशा सुमारे 90 बॅटऱ्यांच्या तोडीची ठरते. इतक्या श्रीमंत इंधनाला उधळपट्टी परवडते, पण बॅटरीतली मोजकी वीज उष्णता करण्यात घालवणे म्हणजे सोने मोडून चूल पेटवण्यासारखे आहे. तीच वीज कंप्रेसरच्या मोटारीला दिली, तर एका वॉटमागे एकाहून अधिक वॉट उष्णता फ्रिजबाहेर काढली जाते. म्हणून बॅटरीवर येणे म्हणजे मुळात शोषण सोडून कंप्रेसरकडे वळणे होय.

हे वळण तीन प्रकारे घेता येते. पहिला प्रकार म्हणजे घरगुती फ्रिज बसवून तो इन्व्हर्टरवर चालवणे. यात फ्रिज स्वस्तात आणि प्रशस्त मिळतो, पण इन्व्हर्टर चोवीस तास जागा ठेवावा लागतो आणि नुसता जागा राहण्यासाठीच तो एक ते दोन अँपिअर खात असेल, तर दिवसाला 24 ते 48 अँपिअर-तास फ्रिज सुरू होण्याआधीच खर्ची पडतात. शिवाय जुन्या खाचेत नवे कपाट बसवण्यासाठी लाकूडकाम करावे लागते आणि कधी दरवाजातून फ्रिज आत न गेल्याने खिडकी उतरवावी लागते. दुसरा प्रकार म्हणजे थेट 12 व्होल्टवर चालणारा तयार कंप्रेसर-फ्रिज घेणे. आता नव्या आरव्हींत कारखान्यातूनच असे फ्रिज बसून येऊ लागले आहेत. तिसरा प्रकार अधिक रंजक आहे आणि खऱ्या अर्थाने ‘रूपांतर’ हा शब्द त्यालाच लागू होतो, कारण त्यात दार, कप्पे, फळ्या, बाहेरची लाकडी चौकट हे सारे जागच्या जागी राहते आणि फक्त फ्रिजची पाठ बदलली जाते.

शोषण-फ्रिजचे नळ्यांचे जाळे कपाटाच्या मागच्या बाजूला फोमच्या ठोकळ्यासकट बसवलेले असते आणि ते एकसंध भाग म्हणून बाहेर काढता येते. त्याला शीतन-युनिट म्हणतात. त्याच मापाच्या फोमच्या ठोकळ्यावर कंप्रेसर, संघनक आणि बाष्पकाच्या पट्ट्या चढवून तयार केलेले बदली युनिट जुन्या कपाटाला मागून बसते. अमेरिकेत अशी युनिटे बनवण्याचे एक ठिकाण म्हणजे इंडियानाच्या उत्तर टोकाचे शिपशेवाना हे गाव आणि त्याच्या आसपासची आमिश या ख्रिस्ती पंथाची वस्ती. या पंथातील लोक सार्वजनिक वीजजाळ्याशी आपले घर जोडत नाहीत, त्यामुळे गॅसवरचे फ्रिज ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची गरज आणि त्यांची दुरुस्ती हा अंगवळणी पडलेला उद्योग. जवळच एल्कहार्ट हे आरव्ही उद्योगाचे माहेरघर असल्याने शोषण-युनिटे नव्याने बांधण्याचे हे कसब आरव्हींच्या सेवेला आले आणि पुढे त्याच हातांनी कंप्रेसर-युनिटेही जुळवायला सुरुवात केली. जे घरात वीज घेत नाहीत, त्यांनी दुसऱ्यांचे फ्रिज विजेवर आणून द्यावेत, हा योगायोग गमतीचा खराच.

प्रत्यक्ष कामाची सुरुवात गॅसपासून होते. टाकीची झडप बंद करून फ्रिजकडे येणारी नळी सोडवली जाते आणि तिच्या तोंडावर योग्य मापाचे धातूचे बूच आटे घट्ट करून बसवले जाते. त्यानंतर टाकी पुन्हा उघडून त्या जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येत नाहीत ना, हे तपासणे अनिवार्य असते, कारण शेगडी आणि पाणी तापवण्याचे यंत्र त्याच नळीवर चालत राहणार असतात. फ्रिज खाचेतून ओढून दर्शनी बाजूवर पालथा घातला जातो. दार आधी उतरवून ठेवलेले बरे. मागील स्क्रू आणि आतील पत्र्यांचे स्क्रू काढले की फोमच्या कडा मोकळ्या करून जुने युनिट सरळ वर उचलतात. या वेळी नळी कापण्याचा किंवा वाकवण्याचा मोह टाळावा लागतो, कारण आत दाबाखालचा अमोनिया असतो आणि क्रोमेट हा विषारी, कर्करोगकारक पदार्थ आहे. अख्खे युनिट घातक कचरा हाताळणाऱ्यांकडेच द्यावे लागते.

नवे युनिट बसवताना सगळा भर दोन गोष्टींवर असतो. बाष्पकाच्या पट्ट्या आणि कपाटातील ॲल्युमिनियमचे पत्रे यांच्यामध्ये उष्णतावाहक लेप भरून त्यांचा स्पर्श अखंड करायचा, आणि फोमच्या चारही कडांची फट बुजवायची. ओलसर हवा एखाद्या बारीक फटीतून आत गेली, तरी आत दव साठते, ते गोठते आणि कंप्रेसर विनाकारण धावत राहतो. पुष्कळ रूपांतरित फ्रिजची ‘बॅटरी पुरत नाही’ ही तक्रार शेवटी फोमच्या एखाद्या कोपऱ्यापाशी येऊन थांबते. जुन्या फ्रिजच्या दाराच्या चौकटीत दव धरू नये म्हणून कधी एक बारीक तापतार बसवलेली असते. तीही 12 व्होल्टवर सतत चालणारी असल्याने दमट हवेखेरीज तोडून ठेवणे शहाणपणाचे ठरते. ज्योत पेटली की नाही हे पाहणारे जुने नियंत्रण-सर्किट आता निरर्थक होते आणि त्याच्या जागी नव्या युनिटचा थर्मोस्टॅट बसतो. वाहनाच्या बाजूची खालची जाळी आणि छतावरचा झरोका मात्र बंद करू नयेत, कारण कंप्रेसरच्या संघनकालाही खालून गार हवा घेऊन वरून गरम हवा सोडावी लागते. गरज असेल तर हवा संघनकातूनच जाईल अशी आडपडदी आणि एक लहान पंखा त्यात भर घालतात.

या युनिटांच्या केंद्रस्थानी असलेला छोटा कंप्रेसर हा स्वतंत्र कौतुकाचा विषय आहे. डॅनफॉस कंपनीने विकसित केलेली आणि 2010 पासून सेकॉप या नावाखाली चालणारी ‘बीडी’ मालिका या क्षेत्रात प्रमाणभूत मानली जाते. त्यातील ‘बीडी 35 एफ’ हा कंप्रेसर 12 किंवा 24 व्होल्टच्या एकदिश विजेवर चालतो, पण त्याची मोटार ब्रश नसलेली, तीन फेजची असते आणि बॅटरीच्या एकदिश विजेपासून तीन फेजचा प्रवाह तयार करणारे इलेक्ट्रॉनिक सर्किट त्याच्या अंगावरच बसवलेले असते. मोटारीचा वेग मिनिटाला 2000 ते 3500 फेऱ्यांच्या दरम्यान ठरवता येतो आणि त्यासाठी थर्मोस्टॅटच्या तारेत एक पैशाकवडीचा रोधक बसवावा लागतो. रोधक नसेल तर 2000 फेऱ्या, 277 ओहमचा असेल तर 2500 आणि 1523 ओहमचा असेल तर 3500. मंद वेगाने कंप्रेसर जास्त वेळ चालतो, पण दर फेरीमागे कमी वीज खातो, म्हणून बॅटरीवर जगणाऱ्याने शक्य तितका मंद वेग निवडावा. याच सर्किटमध्ये बॅटरीचे रक्षणही असते आणि व्होल्टेज 10.4 च्या खाली गेले की ते कंप्रेसर थांबवते व 11.7 वर आल्याखेरीज पुन्हा सुरू करत नाही. जोडलेला लहान दिवा एकदा लुकलुकला तर व्होल्टेज कमी, दोनदा लुकलुकला तर पंख्यात बिघाड, तीनदा लुकलुकला तर मोटार सुरू होत नाही, असे त्याचे संकेतही ठरलेले आहेत.

आणि इथेच बहुतेक रूपांतरे फसतात, कारण दोष कंप्रेसरचा नसून तारेचा असतो. घरातल्या 230 व्होल्टच्या वायरिंगमध्ये अर्धा व्होल्ट वाटेत हरवला तर कुणाला पत्ता लागत नाही, पण 12 व्होल्टच्या जगात अर्धा व्होल्ट ही मोठी रक्कम असते. फ्रिजपासून बॅटरी 6 मीटर दूर आहे असे धरले, तर जाण्यायेण्याची मिळून 12 मीटर तार होते. ही तार 1.5 चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची असेल आणि तीतून 8 अँपिअर वाहत असतील, तर वाटेत 1.1 व्होल्ट गळतो. 2.5 चौरस मिलिमीटरमध्ये ही गळती सुमारे 0.67 व्होल्ट असते आणि 6 चौरस मिलिमीटरमध्ये 0.28. मोटार सुरू होताना प्रवाह क्षणभर वाढतो, तेव्हा बारीक तारेच्या टोकाशी व्होल्टेज 10.4 च्या खाली जाते, सर्किट मोटार थांबवते, थांबताच व्होल्टेज पुन्हा वर येते, आणि बॅटरी भरलेली असूनही फ्रिज ‘बॅटरी संपली’ असा संकेत देत राहतो. जुना शोषण-फ्रिज 12 व्होल्टवर फक्त दिवा आणि नियंत्रण-सर्किट चालवत होता, त्यामुळे त्याच्यापर्यंत आलेली बारीक तार तशीच वापरून चालत नाही. बॅटरीपासून स्वतंत्र जाड तार ओढावी, बॅटरीच्या टोकाशी फ्यूज बसवावा आणि वाटेत शक्य तितके कमी जोड ठेवावेत, एवढी पथ्ये तरी पाळावीतच.

बॅटरी किती मोठी असावी, हा प्रश्न जमाखर्चाने सुटतो. कंप्रेसर सरासरी 5 अँपिअर घेतो आणि दिवसातून 12 तास चालतो असे मानले, तर रोजचा खर्च 60 अँपिअर-तास होतो. कडक उन्हाळ्यात किंवा दार वारंवार उघडले जात असेल, तर तो दीडपटही होऊ शकतो. शिसे-आम्ल बॅटरी तिच्या क्षमतेच्या निम्म्याहून अधिक वारंवार उपसली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून 60 अँपिअर-तासांसाठी किमान 120 क्षमतेची बॅटरी लागते, तीही फक्त फ्रिजपुरती. लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरीतील बहुतेक सारी क्षमता वापरता येते आणि तिचे वजनही साधारण निम्मे असते, परंतु तापमान शून्याखाली असताना ती भरू नये, हे बंधन कॅनडा किंवा मोंटानासारख्या ठिकाणी हिवाळ्यात अडचणीचे ठरते. जमेच्या बाजूला, 200 वॉटच्या सौर पॅनेलवर रोज 5 तास पूर्ण ऊन पडले आणि त्यातील सुमारे 70 टक्के वीज बॅटरीपर्यंत पोहोचली, तर 700 वॉट-तास, म्हणजे सुमारे 55 अँपिअर-तास हाती लागतात. फ्रिजचा खर्च त्यात जेमतेम भागतो, म्हणून छतावर 400 वॉट धरून चालावे. फ्रिजही थोडी बॅटरी होऊ शकतो. दुपारी पॅनेल भरभरून वीज देत असताना थर्मोस्टॅट खाली सरकवून पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवल्या, तर रात्री कंप्रेसर कमी चालतो. लसींसाठी वापरल्या जाणाऱ्या, थेट सौर ऊर्जेवर चालणाऱ्या फ्रिजमध्ये हीच कल्पना मुख्य आधार आहे. त्यात बॅटरी न ठेवता थंडावा बर्फाच्या रूपाने साठवतात, आणि दुर्गम भागांतील आरोग्यकेंद्रांत केरोसीनच्या ज्योतीवरच्या शोषण-फ्रिजची जागा अशाच फ्रिजनी घेतली आहे.

रूपांतरानंतर फ्रिज तासाभरातच गार होऊ लागतो, तर जुन्याला त्यासाठी अर्धा दिवस ते रात्रभर लागत असे. वाहन थोडेफार कललेले असले तरी त्याला फरक पडत नाही आणि प्रवासात ज्योत पेटती ठेवण्याची चिंता राहत नाही. मात्र दाट झाडीखाली आठवडेच्या आठवडे मुक्काम करणाऱ्यांसाठी, ज्यांच्या छतावर ऊन पडत नाही आणि जनित्राचा आवाज ज्यांना नको आहे, त्यांच्यासाठी हिशेब उलटतो. नऊ किलोची एक गॅसटाकी शोषण-फ्रिजला दहा-बारा दिवस पुरते आणि ती संपली की जवळच्या गावात पुन्हा भरून मिळते. अशा माणसाचा जुना फ्रिज समतल उभा राहत असेल आणि त्याची ज्योत निळी व स्थिर जळत असेल, तर त्याला हात लावण्याचे कारण नाही.